पहिल्या टोपीचा मान

बनसोडे मॅडमना शाल घालायची तर आधी त्यांना धरून आणावं लागायचं. कार्यक्रमात त्यांचं नाव पुकारलं की बाई हमखास जागेवर नसायच्या. कधी स्टेजमागं चहावाल्याशी गप्पा मारत बसलेल्या, कधी पाणी प्यायला गेलेल्या, आणि एकदा तर सरळ गेटबाहेर स्कूटी काढताना सापडल्या. "अहो मॅडम, सत्कार आहे तुमचा," मी धापा टाकत म्हणालो. त्या म्हणाल्या, "एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन, वर पत्र्याचा मांडव आणि त्यात माणसाला लोकरीची शाल. हा सत्कार आहे का शिक्षा, ते आधी ठरवून ये. मग बघू."

मी त्या कॉलेजात कॉमर्स शिकवतो. त्या मराठी शिकवायच्या. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या. माझं नाव त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही. मी 'कॉमर्स', भूगोलाचे जाधव सर 'भूगोल', आणि प्राचार्य तोंडावर 'सर' व माघारी 'नोटीस'. बाई उंचीला बेताच्या, पण आवाज दोन वर्ग ओलांडून जाणारा. मनगटावर पुरुषी थाटाचं मोठं घड्याळ आणि अंगावर कायम कडक इस्त्रीची सुती साडी. त्या इस्त्रीमागं त्यांचे वडील होते. ते गिरणीत कामाला. पाळी संपेपर्यंत अंगभर कापूस चिकटायचा, तरी जाताना शर्ट इस्त्रीचाच घालायचे. शेजारीपाजारी हसायचे. ते म्हणायचे, "येताना शर्ट गिरणीचा असतो, जाताना माझा असतो." हे सांगताना मॅडम स्वतःच्या पदराची घडी नीट करायच्या.

मानपान, सन्मान, प्रतिष्ठा, अब्रू हा त्यांचा आवडीचा विषय. आवडीचा म्हणजे, मांजराला उंदीर आवडतो तसा. सूत्रसंचालकाच्या हातातला कागद घेऊन त्या आपल्या नावाआधीची सगळी विशेषणं खोडायच्या. "आदरणीय, वंदनीय, विदुषी... अरे, नाकापेक्षा मोती जड झाला. खाली बनसोडे बाई गुदमरतेय, तिला श्वास घेऊ दे."

वर्गात त्या हा विषय व्याकरणातून आणायच्या. फळ्यावर एकच शब्द लिहायचा, 'मान', आणि विचारायचं, लिंग कोणतं? अर्धा वर्ग पुल्लिंगी म्हणायचा, अर्धा स्त्रीलिंगी. मग बाई खुलायच्या. "दोन्ही बरोबर. तो मान वेगळा, ती मान वेगळी. तो मान लोक देतात, आणि लहर फिरली की काढूनही घेतात. ती मान आपल्या आपल्या खांद्यांवर असते. पोरींनो, तो मिळाला नाही तरी काही अडत नाही. ती खाली घालायची नाही." पेपरात या प्रश्नाला एकच मार्क असायचा, पण तो कुणाचा चुकल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

'अब्रू' या शब्दाची तर त्या उलटतपासणीच घ्यायच्या. कुठलीही कथा असो, कादंबरी असो, 'अब्रू गेली' असं वाक्य आलं की वाचन थांबलं. कुणाची गेली? कशानं गेली? आणि गेली ती कुठं गेली? पोरं चक्रावून जायची. बाई म्हणायच्या, "बघा नीट. वागते पोरगी, अब्रू जाते बापाची, आणि ती असते शेजाऱ्याच्या तोंडात. एवढी मौल्यवान वस्तू लोक दुसऱ्याच्या तोंडात का ठेवतात, हे मला वाङ्मयात अजून कुणी सांगितलेलं नाही." एकदा मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, "मॅडम, देवळाबाहेरनं चप्पल जाती, तशी जात असंल की." वर्गात हशा पिकला. मॅडमनी मात्र त्याला पुढं बोलावून शाबासकी दिली. "अगदी बरोबर. चप्पल नेणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. ज्याची गेली तोच अनवाणी घरी जातो, आणि लोक हसतात ते त्यालाच." तास संपल्यावर स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी हे मला दोनदा सांगितलं आणि म्हणाल्या, "ह्या पोरानं आज मला शिकवलं, कॉमर्स."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी सात रस्त्याला भला मोठा फ्लेक्स लावला. सोलापुरात माणसाचं काही व्हायचं असलं की आधी फ्लेक्स होतो, मग ते होतं. मॅडमचा फोटो, चारी बाजूंनी गुलाबाची फुलं, खाली पोरांचे गॉगल लावलेले चेहरे आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत: 'विस्मरणीय शिक्षिका'. अविस्मरणीयमधला 'अ' छापखान्यातच राहून गेला होता. बातमी कॉलेजात पोचली तेव्हा पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. शिडी घेऊन ते उतरवायलाच निघाले होते. मॅडमनी त्यांना अडवलं, मला स्कूटीवर मागं बसवलं आणि भर चौकात त्या फ्लेक्सखाली उभं राहून माझ्याकडून फोटो काढून घेतला. रिक्षावाले बघत होते. "मराठीच्या बाईला इतका चोख शब्द कुणी दिला नव्हता," त्या म्हणाल्या, "काढाल तर याद राखा." वाऱ्यानं फाटेपर्यंत तो फ्लेक्स तिथंच राहिला.

आता त्या नाशिकला लेकीकडं असतात. पण सोलापूर सोडायच्या थोडं आधी सोपानरावांच्या घरचं प्रकरण झालं, आणि बनसोडे मॅडम म्हटलं की मला तेच पहिल्यांदा आठवतं.

सोपानराव आमच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधले मदतनीस. गाव केम. चालणं हळू, बोलणं त्याहून हळू, पण त्यांच्या हातून कधी काच फुटली नाही. त्यांची थोरली शीतल, मॅडमची विद्यार्थिनी. चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत ती माल तपासायच्या कामाला होती. तिथंच श्रीनिवास नावाचा फिटर, आपल्या सोलापुरातल्या तेलुगू विणकरांच्या घरातला. दोघांचं जमलं. पोरगा गुणी, निर्व्यसनी, घरचे सरळ. शीतलनं घरी स्वतः सांगितलं, आणि एकच गोष्ट सांगितली: पळून जाणार नाही, कोर्टात करणार नाही, लग्न होईल तर बाप मांडवात उभा असताना होईल. नाहीतर होणार नाही.

सोपानराव एका संध्याकाळी मॅडमच्या घरी आले. मी तिथं चहा पीत होतो. दारातच उभं राहून ते म्हणाले, "मॅडम, पोरीनं तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई की."

"पोरगा वाईट आहे का?"

"छ्या! पोरगं लई चांगलं हाय. माज्या मनात काय न्हाई."

"मग?"

"भावकी हाय की. गावाकडं अब्रूच गेली माजी."

मॅडमचे डोळे चमकले. वर्गात हे वाक्य आलं की चमकायचे तसेच. पण समोर सोपानरावांचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "बसा आधी. चहा घ्या. गेली म्हणता, मग कुणाकडं गेली ते तरी माहीत आहे ना?"

"भावकीकडंच की."

"मग रविवारी जाऊ. घरोघर विचारू आणि परत घेऊन येऊ."

मला वाटलं, बाई थट्टा करताहेत. रविवारी सकाळच्या गाडीत मी त्यांच्या शेजारी बसलेलो होतो आणि समोर सोपानराव नवा सदरा घालून खिडकीबाहेर बघत होते. परीक्षेला निघालेल्या पोरासारखे त्यांचे ओठ पुटपुटत होते.

केम म्हणजे कुंकवाच्या कारखान्यांचं गाव. स्टेशनवरून चालत आम्ही पहिल्यांदा त्यांचे चुलतभाऊ बबनराव यांच्याकडं गेलो. पाणी झालं, ख्यालीखुशाली झाली, आणि मॅडम हात जोडून म्हणाल्या, "बबनराव, ह्या सोपानरावांची अब्रू तुमच्याकडं आहे म्हणे. न्यायला आलोय."

बबनरावांनी आधी बायकोकडं बघितलं, मग कोनाड्याकडं. "आमच्याकडं? न्हाई की हो. सोप्या, कशाचं म्हनत्यात ह्या?"

"शीतलच्या लग्नाला भावकी नाव ठेवते, असं ते म्हणतात."

"आमी कशाला नाव ठिवू? पोरगी शिकल्याली, कमावती. आमचं काय न्हाई बगा. पर तितं त्या खालच्या आळीला इचारा. ती लोकं लई बोलत्यात."

खालच्या आळीत सोपानरावांच्या एक चुलत वहिनी होत्या. त्यांनी मॅडमना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मॅडम, तुमी मूळच्या कुटल्या?"

"मूळची मोहोळकडची," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्हाला जे विचारायचंय त्याचं उत्तर, बौद्ध. आता चहा टाका, साखर कमी."

वहिनी एवढ्या ओशाळल्या की पदर तोंडाला लावून आत पळाल्या. चहा आला. कप सगळ्यांना सारखे होते. मॅडमनी ते बघितलं, मीही बघितलं. बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "कॉमर्स, माझ्या आईला असल्या ओसरीखाली ओंजळीत पाणी मिळायचं. वरून ओतलेलं. आज ती पाहिजे होती रे." एवढंच बोलल्या आणि पुढच्या घराची कडी वाजवली.

वहिनींचंही काही म्हणणं नव्हतं. पुढच्या घराचंही नव्हतं. जो तो म्हणायचा, आमचं काय न्हाई, पर लोक म्हनत्यात. लोक म्हणजे पुढचं घर. त्या घरात गेलं की लोक म्हणजे मागचं घर. फक्त एका घराचं दार आम्हाला लांबून बघूनच आतून लागलं. ते सोपानरावांच्या धाकट्या भावाचं होतं. सोपानराव त्या बंद दारापुढं उभे राहिले. मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हा भाऊ शेवटपर्यंत आला नाही, हेही सांगून टाकतो.

अखेर सगळ्यांनी बोट दाखवलं ते थोरल्या तात्यांकडं. भावकीत वयानं सगळ्यांत मोठे, कानानं कमी, मिशीनं भरपूर. मॅडमनी आपलं वाक्य दोनदा मोठ्यांदा सांगितलं. तात्या म्हणाले, "माज्याकडं कशी यील? मला कुनी इचारलंय का? सोप्याच्या भनीच्या लग्नात पैली टोपी कुनाला घातली, इचारा त्याला!"

आता हे सांगायला पाहिजे. आमच्याकडच्या लग्नात मुलीचा बाप भावकीतल्या माणसांना मानाचा आहेर करतो. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर पांढरी टोपी, हातात नारळ. माईकवरून एकेकाचं नाव पुकारतात आणि चारशे माणसं बघत असतात. मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं, पण लग्नात हीच टोपी घालून घ्यायला माणसं जीव टाकतात. ती कितव्या नंबरला मिळाली यावरून घरं तुटलीत. सोपानरावांच्या बहिणीच्या लग्नात माईकवाल्यानं नुसतं 'भावकीतले थोरले' असं पुकारलं. वयानं थोरले तात्या उठायच्या आत घराण्यानं थोरले, म्हणजे भावकीच्या थोरल्या शाखेचे, थोरल्या पातीचे नाना, उठले. पहिली टोपी नानांच्या डोक्यावर बसली. तेव्हापासून तात्या फुगून बसलेले. जावई कुठल्या जातीचा, याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं.

"पोरगं तेलगू हाय का आनकी कोन, मला काय त्याचं?" तात्या म्हणाले. "येतो लग्नाला. माज्या मागची समदी येत्याल. पर पैली टोपी माजी."

"व्हय तात्या!" सोपानराव पायाच पडले.

तिथून आम्ही नानांकडं गेलो. नानांनी सगळं ऐकून घेतलं, पानाचा विडा लावला आणि म्हणाले, "यीन की. पैल्यापास्नं पैली टोपी आमच्याच पातीची हाय, तेवडं बघ म्हंजे झालं."

"व्हय नाना!" सोपानराव पुन्हा पाया पडले.

परतीच्या गाडीत ते लहान पोरासारखे हसत होते. लेकीला फोन लावून "येनार हायत समदी" असं तीनतीनदा सांगत होते. मॅडमनी त्यांचा फोन संपू दिला आणि मग विचारलं, "सोपानराव, एका लग्नात पहिल्या टोप्या किती असतात?"

सोपानरावांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांच्या बोलण्यासारखंच.

लग्न सोलापुरात एका कार्यालयात ठरलं. मधल्या दिवसांत आम्ही यावर किती डोकं लढवलं! सोपानराव झोपेनासे झाले. दोघांतला एक जरी उठून गेला तरी त्याच्यामागं अर्धा मांडव रिकामा होणार, आणि मग लोक म्हणणार, तेलुगू जावई केला म्हणून भावकी उठली. टोपीचं भांडण होतं हे कुणाच्या लक्षात राहणार नाही, ते शीतलच्या कपाळी चिकटणार. श्रीनिवासचे वडील सगळं ऐकून म्हणाले, "टोपी आमच्यात पण असते, पण आमी टोपीवरून भांडत नाय. आमी जेवणावरून भांडतो." शेवटी मॅडमनी तोडगा काढला: दोघांना एकदम स्टेजवर बोलवायचं, दोन बाजूंनी दोघांनी उभं राहायचं, आणि मॅडम 'तीन' म्हणाल्या की एकाच क्षणी दोन टोप्या. एक सोपानराव घालणार, दुसरी मी. आम्ही त्याची स्टाफरूममध्ये 'भूगोल' आणि 'नोटीस' यांच्या डोक्यांवर तालीमही केली.

लग्नाच्या दिवशी भावकी खरंच आली. पहिल्या रांगेत डावीकडं तात्या, उजवीकडं नाना, दोघांमध्ये एक रिकामी खुर्ची, आणि मागं दोघांची माणसं अशी बसलेली की मधून वाट पडली होती. अक्षता पडल्या. वाजंत्री थांबली. माईकवाला म्हणाला, "आता मानाचा आहेर!" आणि मांडव असा चिडीचूप झाला की भटारखान्यातल्या झाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. मी स्टेजच्या कडेला टोपी घेऊन तयार होतो. मॅडम माझ्या शेजारी, सोपानरावांनी घालायची टोपी हातात घेऊन. पुढं फोटोवाले आणि करवल्यांची गर्दी.

सोपानराव स्टेजवर गेले. आमच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माईकवाल्याच्या हातातून त्यांनी माईक काढून घेतला. जन्मात कधी माईक धरलेला नसावा, कारण आधी तो कानाला लावला. मग त्यांच्या त्या संथ बोलीत म्हणाले, "पैला मान थोरल्याचा. आमच्या भावकीत थोरलं कोन, ह्याचं भांडान हाय. वयानं तात्या थोरलं. घरानं नाना थोरलं. दोगांचं बी खरं हाय. मी दोगांना बी व्हय म्हनून बसलोय."

तात्यांनी कानाला हात लावला. नाना खुर्चीत पुढं सरकले.

"पर माज्या घरात थोरली ही हाय." त्यांनी शीतलकडं हात केला. "हिच्या मनात आलं आस्तं तर कवाच गेली आस्ती. बाप पायजे म्हनून थांबली. मी म्हनत हुतो, अब्रू गेली, अब्रू गेली. कुटं गेली? ही काय, हितं हुबी हाय की."

त्यांनी माईक खाली ठेवला, ताटातला पहिला टॉवेल उचलून लेकीच्या शालूवर खांद्याला टाकला, आणि पहिली टोपी दोन्ही हातांनी, काचेचं भांडं ठेवावं तशी जपून, तिच्या मुंडावळ्यांच्या वर बसवली. शीतल रडत होती, हसत होती, आणि टोपी पडू नये म्हणून मान अगदी ताठ धरून उभी होती.

मग तात्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "आरं, द्या की टाळी!" ते ओरडले. "पोरीम्होरं कसलं थोरलं आन् कसलं काय!" नाना उठून म्हणाले, "तात्या, पर दुसरी माजी हं!" आणि सगळा मांडव हसत सुटला. दोन्हीकडची माणसं मधली वाट ओलांडून पुढं आली. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"काय झालं? काय केलं त्यानं?" मॅडम टाचा उंचावत मला विचारत होत्या. पुढच्या गर्दीतून त्यांना काही दिसत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना सांगणं नको होतं, बघायचं होतं. त्यांनी चपला काढल्या, आमच्या हातातल्या दोन्ही टोप्या माझ्या डोक्यावर एकावर एक ठेवल्या, बाजूची प्लास्टिकची खुर्ची ओढली, "धर घट्ट," म्हणाल्या आणि कडक इस्त्रीच्या साडीचा घोळ एका हातानं उचलून वर चढल्या.

मी खुर्ची धरून उभा राहिलो. डोक्यावरून अशी कर्कश शिट्टी गेली की फोटोवाल्याचा हात हलला. टोपीतली नवरी, तात्या, नाना आणि अख्खी भावकी दचकून वळून बघायला लागली, हा कोण टवाळ पोरगा म्हणून. आणि मॅडम दोन बोटं तोंडात घालून, छाती भरून, दुसरी शिट्टी मारायला श्वास घेत होत्या.